जुने गेम नव्या मशीनवर: डॉसबॉक्स स्टेजिंग आणि डीजीव्हूडू २, काही महिन्यांच्या वापरानंतर

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. गेम जितका जुना, तितका तो आज चालवायला सोपा. १९९० चा, डॉस या विंडोजआधीच्या सिस्टिमवरचा प्रिन्स ऑफ पर्शिया पाच मिनिटांत सुरू होतो. १९९७ ते २००३ च्या मधला एखादा रेसिंग गेम मात्र अख्खी संध्याकाळ खातो. गेले काही महिने डॉसचे गेम डॉसबॉक्स स्टेजिंगवर (मूळ डॉसबॉक्सवरून पुढे काढलेली आवृत्ती) आणि विंडोज ९५-९८ च्या जमान्यातले गेम डीजीव्हूडू २ (जुन्या गेमचं चित्र नव्या ग्राफिक्सवर आणणारा प्रोग्राम) लावून खेळतोय. दोन्ही फुकट आहेत.

डॉसबॉक्स अख्खं मशीनच खोटं उभं करतो. प्रोसेसर, व्हीजीए (चित्र), साउंड ब्लास्टर (आवाज), सगळं. आत बसलेल्या गेमला बाहेरच्या जगाचा पत्ताच नसतो. विंडोजचा गेम मात्र थेट आजच्या सिस्टिमवर, आजच्या ड्रायव्हरवर चालू पाहतो, आणि तिथे त्याच्या ओळखीचं फारसं कोणी उरलेलं नाही.

डॉसबॉक्समध्ये खरं काम एकच, सायकल्स म्हणजे खोट्या प्रोसेसरचा वेग जुळवणं. बऱ्याच जुन्या गेमना स्वतःचा वेग ठरवताच येत नाही, प्रोसेसर पळेल तसे ते पळतात. ३००० सायकल्सपासून सुरुवात करायची आणि गेम चालू असतानाच कंट्रोल-एफ११ ने कमी, कंट्रोल-एफ१२ ने जास्त करत जायचं. कानाला आणि हाताला बरोबर वाटलं की तो आकडा कॉन्फिग फाइलमध्ये टाकून मोकळं व्हायचं. काही गेम सुरू होता होताच 'रनटाइम एरर २००' म्हणून बंद पडतात. ते टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रामिंग साधनात लिहिलेले असतात. सुरुवातीलाच मशीन किती वेगवान आहे ते मोजताना आकडा इतका मोठा येतो की भागाकारच फसतो. सायकल्स उतरवा, निमूट चालतात.

मूळ डॉसबॉक्स सोडून स्टेजिंग घेतलं ते चित्रासाठी. ३२०×२०० चं चित्र त्या काळी ४:३ च्या पडद्यावर भरून दिसायचं, म्हणजे उभ्यात ते २० टक्के ताणलेलं असायचं. ते ताणणं बंद असेल तर गोल चाकं चपटी आणि माणसं बुटकी दिसतात. स्टेजिंगमध्ये हे ताणणं आपोआप होतं, जुन्या मॉनिटरसारख्या रेघांसकट.

सीडीवाल्या गेमबद्दल एक सूचना. क्वेकसारख्या (१९९६) गेमचं संगीत सीडीवरच्या ऑडिओ ट्रॅकमधून वाजतं. सीडीची आयएसओ इमेज (फाइलच्या रूपातली नक्कल) काढली तर तिच्यात फक्त डेटा येतो, ट्रॅक येत नाहीत. ट्रॅकही टिपणारी बिन-क्यू इमेज काढा आणि डॉसबॉक्सच्या आयएमजीमाउंट या आज्ञेने क्यू फाइल जोडा. एका ऑनलाइन स्टोअरवरून पुन्हा विकत घेतलेल्या गेममध्ये त्यांनी ही एवढी तसदीही घेतली नव्हती. पैसे मोजून मुका गेम.

आता विंडोजकडे. पहिला धोंडा इन्स्टॉलरचा. गेम ३२-बिट असतो पण कित्येकदा त्याचा सेटअप १६-बिट निघतो, आणि ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्राम चालवतच नाही. गंमत म्हणजे लिनक्सवर वाइनमधून (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) तोच सेटअप बहुतेक वेळा चालतो. दुसरा धोंडा सेफडिस्कचा: विंडोज १० पासून त्या कॉपी-प्रोटेक्शनचा ड्रायव्हरच काढून टाकलाय, त्यामुळे अस्सल सीडी हातात असूनही गेम सुरू होत नाही.

हे पार केलं की डीजीव्हूडू. गेम चित्र काढायला जुन्या डायरेक्टएक्सला किंवा थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू ग्राफिक्स कार्डांसाठीच्या ग्लाइडला ज्या हाका मारतो, त्या तो आजच्या डायरेक्ट३डी ११ किंवा १२ मध्ये फिरवून देतो. नीड फॉर स्पीड २ एसई (१९९७) सारख्या ग्लाइडवाल्या गेमना तर आता व्हूडू कार्ड कुठून आणणार? डीजीव्हूडूच्या डीएलएल फाइल्स गेमच्या एक्झीशेजारी (गेम सुरू करणाऱ्या फाइलशेजारी) टाकायच्या, बस्स. फक्त फोल्डर एक्स८६ चाच (३२-बिट) हवा; एक्स६४ च्या (६४-बिट) टाकल्या तर ३२-बिट गेम त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. कोपऱ्यात डीजीव्हूडूचा शिक्का दिसला की समजायचं, लागलं. मग कंट्रोल पॅनलमधून शिक्का घालवा आणि चित्राचं मूळ प्रमाण राखणारं स्केलिंग निवडा. विंडोजच्या कम्पॅटिबिलिटी मोडच्या (जुन्या विंडोजचं सोंग घेण्याच्या सोयीच्या) टिका मी आता शेवटीच मारून बघतो. त्यांनी सुटलेले गेम थोडे आणि वाया गेलेला वेळ भरपूर. गेम प्रोग्राम फाइल्समध्येही टाकू नका, सेव्ह फाइल्स व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या लपलेल्या फोल्डरात जाऊन बसतात.

आणि चालणारा गेम चालतच राहील असंही नाही. विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर जीटीए सॅन अँड्रिअसमधलं स्किमर हे पाण्यावर उतरणारं विमान गायबच झालं. त्याच्या चाकांचं माप डेटा फाइलमध्ये लिहायचंच राहून गेलं होतं, आणि इतकी वर्षं गेम आधीच्या गाडीचे मेमरीत उरलेले आकडे उचलून वेळ मारून नेत होता. नव्या विंडोजने ती जागा वापरली आणि बिंग फुटलं. सायलेंटपॅच हे चाहत्याने केलेलं दुरुस्तीचं पॅच टाकलं की विमान परत येतं.