डिझेल भरताना गाडी चालू ठेवावी की बंद करावी?

पंपावरची पाटी ‘इंजिन बंद करा’ एवढंच म्हणते, पेट्रोल-डिझेल असा भेद करत नाही. तरी डिझेलवाले गाडी सर्रास चालू ठेवतात, आणि ते सगळेच बेफिकीर असतात असंही नाही. माझे दोन्ही प्रकार करून झालेत, म्हणून दोन्हींचं थोडं मांडतो.

चालू ठेवायचं मुंबईतलं पहिलं कारण एसी. मे महिन्यातल्या दुपारी मागे वयस्कर माणूस नाहीतर तान्हं बाळ असेल तर गाडी बंद करायचं जिवावर येतं. दुसरं कारण टेम्पोवाल्यांचं. वाशी मार्केटच्या बाजूला एखाद्या जुन्या पिकअपला पंपवाल्याने ‘बंद कर’ म्हटलं की आतून उत्तर येतं, ‘सेल्फ लागत नाय, धक्का तू मारणार का?’ यावर कोण काय बोलणार! तिसरं टर्बोचं, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचं. एक्सप्रेसवेवर ताणून पळवलेली गाडी थांबताक्षणी बंद केली तर तापलेल्या टर्बोचं तेल थांबतं, हे खरं आहे. पण कळंबोलीला बाहेर पडून पंपाच्या रांगेत पुढे सरकेपर्यंत टर्बो बऱ्यापैकी निवलेला असतो. त्यासाठी नोझल टाकीत असताना इंजिन घुरघुरत ठेवायला लागत नाही.

राहिला ठरलेला मुद्दा: डिझेल काय असं पेटतं का? पेट्रोलच्या मानाने नाही पेटत. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही ठिणगीने पेट घेऊ शकते. डिझेलला बरंच जास्त तापमान लागतं, पण किती, ते सगळीकडे सारखं नाही. युरोपात हा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो आकडा) 55 च्या वर असावा लागतो, आपल्या मानकात किमान 35. त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून इथे निर्धास्त राहणं मला तरी पटत नाही. त्यात कॉमन रेल, म्हणजे खूप दाबाने डिझेल फवारणाऱ्या हल्लीच्या इंजिनातून टाकीत परत येणारं डिझेल गरम असतं. आणि आपण एकटे कुठे असतो? त्याच मशीनच्या दुसऱ्या बाजूला कुणीतरी सीट वर करून स्कूटरमध्ये पेट्रोल घेत असतं. बीएस-6 गाडीचं डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नेमकं तेव्हा काजळी जाळत असेल तर सायलेन्सरकडची उष्णता वेगळीच.

इतकं सगळं ठाऊक असूनही मी बंद करायला लागलो तो डिझेलच्या काट्यामुळे. टाकीत डिझेल हिंदकळतं, म्हणून काटा सारखा नाचू नये यासाठी बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम सावकाश हलतो. चावी बंद करून परत लावली की नव्याने मोजतो. माझ्या गाडीत इंजिन चालू ठेवून दोन हजारांचं डिझेल घेतलं की काटा होता तिथेच. पंपवाल्याने ‘झिरो बघा साहेब’ म्हटलेलं असतं, मी बघितलेला असतो, मशीनवर लिटरही दिसलेले असतात; तरी चेंबूरहून निघाल्यापासून घाटकोपरपर्यंत एक डोळा रस्त्यावर आणि एक काट्यावर. किती किलोमीटर जाईल तो आकडाही जुनाच. बायको म्हणते, ‘समोर बघा!’ आणि मी मनातल्या मनात त्या पोराचा उद्धार करत असतो, ज्याने बिचाऱ्याने पूर्ण माप दिलंय. पंपावर 5 लिटरचं प्रमाणित माप असतं, शंका आली तर मागता येतं, पण मशीन बरोबर आणि काटा आळशी असेल तर त्या मापाने काय साधणार? गाडी बंद करून भरली की चावी लावताच काटा टुणकन वर, आणि विषय संपतो. सगळ्या गाड्यांत असंच होतं असा दावा नाही. मित्राच्या गाडीत चालू असतानाही काटा मुकाट चढतो.

चुकून पेट्रोलची नळी लागली तर मात्र त्याच्या गाडीलाही हाच हिशोब लागू. इंजिन बंद असेल तर टाकी उपसून भागतं. चालू असेल तर ते पेट्रोल हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टरपर्यंत पोचतं, आणि तिथे वंगणाचं काम डिझेलच करत असतं. पुढचं बिल मेकॅनिक सांगेल. शिवाय इंजिनाचा आवाज नसला की ‘अरे, डिझेल, डिझेल!’ ही आपली हाकही पंपवाल्याला ऐकू जाते.

ऑटो स्टॉपवाल्या गाडीत इंजिन आपोआप थांबलं म्हणजे बंद झालं असं धरू नका. एसीला गरज लागली की ते मध्येच सुरू होतं. बटण दाबूनच बंद करायची. एसीचं म्हणाल तर रांगेत खुशाल चालू ठेवा, झाकण उघडण्याआधी बंद करा. काचा वर असतील तर तेवढ्यात गारवा फारसा जात नाही. टेम्पोवाल्याला मात्र बॅटरी नाहीतर सेल्फचं काम करून घे, यापलीकडे मी काही सुचवू शकत नाही.