ब्रीडर पेलेट : आठ महिने वापरून झाल्यावर

आमच्या कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये स्विस अल्बिनो माइस, म्हणजे प्रयोगासाठीचे पांढरे उंदीर, आहेत. पूर्वी सगळ्यांना एकच खाणं : साधं मेंटेनन्स पेलेट (नुसतं अंग टिकवण्यापुरतं खाद्य) आणि वर तिथल्या शिपाईमामांच्या हौसेचे मोड आलेले हरभरे. माद्या गाभण राहायच्या, व्यायच्या, पण २१व्या दिवशी पिलं आईपासून तोडायला गेलं की हाताला मोजकीच लागायची आणि तीही किरकोळ अंगाची. म्हणून ब्रीडर पेलेट, म्हणजे गाभण आणि पाजणाऱ्या माद्यांसाठीचं खाद्य, आणलं. जुन्यात चरबी ४ टक्के होती, यात ९, प्रथिनंही जास्त.

फरक पडला, पण मला वाटलं होतं तिथे नाही. एका वेतात जन्मणारी पिलं जवळपास तेवढीच राहिली. जगायला लागली ती जास्त. एरवी दिवसाला ४-५ ग्रॅम खाणारी मादी पिलांना पाजताना दुप्पट-तिप्पट खाते. त्यात व्यायल्यावर २४ तासांत ती पुन्हा माजावर येते. नर पिंजऱ्यातच असला तर एक वेत अंगावर पितंय आणि दुसरं पोटात, अशी तिची गत. हलक्या पेलेटनं तिचं पोट भरायचं, पण अंगात काही उरायचं नाही. आता पिलं टवटवीत दिसतात. आईनंच पिलं खाण्याचे प्रकारही कमी झाले, पण ते श्रेय मी पेलेटला देणार नाही. आवाजानं माद्या बिथरतात, आणि शेजारचं ड्रिलिंग त्याच सुमारास थांबलं होतं.

चूक माझी : सोय म्हणून सगळ्याच पिंजऱ्यांत हेच घातलं. तीन महिन्यांत ब्रीडिंगमध्ये नसलेले नर-माद्या गोल झाले आणि त्यातल्या माद्या पुढे जोडीला लावल्या तर गाभण राहीनात. आता दोन डबे ठेवलेत, झाकणांचे रंग वेगळे.

पहिली गोणी आम्ही जंतू मारायला १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह केली, म्हणजे दाबाखालच्या वाफेत ठेवली. पेलेटचे दगड झाले. पिलांचे डोळे १२-१४व्या दिवशी उघडतात आणि मग ती कुरतडायला लागतात. त्यांच्या दातांना ते झेपेना. शिवाय त्या उष्णतेत थायमिन (ब१) आणि अ जीवनसत्त्व घटतं. ऑटोक्लेव्हसाठीच्या फीडमध्ये ती जादा घातलेली असतात, आमचं तसलं नव्हतं. विकणाऱ्यानं हे सांगायला हवं होतं. तेव्हापासून इरॅडिएटेड, म्हणजे किरणांनी जंतू मारलेली, गोणीच घेतो.

पावसाळ्यात एका गोणीला खवट तेलाचा वास आला. वापरायला नको होती, पण दुसरी नव्हती. त्या महिन्यात दोन माद्यांची पोटं दिसली आणि त्या व्यायल्याच नाहीत. दोष पेलेटचाच, असं छातीठोक सांगत नाही, पण मला इव्हान्स आणि बिशप हे संशोधक आठवले. १९२२ साली बर्कलीत त्यांच्या रॅटमाद्या शुद्ध केलेल्या आहारावर गाभण राहत, पण गर्भ पोटातच जिरून जात. हिरवा पाला दिला की पिलं जगत. तो न सापडलेला घटक म्हणजे ई जीवनसत्त्व; टोकोफेरॉल या नावातही बाळंतपणच आहे. चरबी खवट होताना आधी तेच संपतं. त्यामुळे ९ टक्के चरबीची गोणी दमट खोलीत ठेवणं ४ टक्क्यांच्या गोणीपेक्षा महागात पडतं.

हार्मोनवर काम करणाऱ्यांनी मात्र हे घेऊ नये. यात सोयाबीनची पेंड आहे, म्हणजे जेनिस्टीन आणि डेडझीन आले. इस्ट्रोजेनसारखं वागणारी ही द्रव्यं दर खेपेला कमीजास्त असतात. लेबलवर सोया, गहू, मका एवढंच लिहिलंय, प्रमाण नाही. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण गर्भाशयाची वजनं मोजते (इस्ट्रोजेननं ती वाढतात), ती एआयएन-९३जी हा शुद्ध घटकांचा ठरावीक आहार वापरते : प्रथिन दुधातल्या केसीनचं, ७ टक्के सोयाबीन तेल (ती द्रव्यं पेंडीत असतात, तेलात जवळपास नाहीत), आणि प्रत्येक घटकाचं प्रमाण जाहीर. महाग आहे, पण तिला पर्याय नाही.

हरभरे बंद केले. उंदीर आधी तेच वेचून खातात आणि पेलेट तसंच राहतं. मामा अजून नाराज आहेत.

पुन्हा घेणार का? घेणार, पण लहान गोणी, आणि उत्पादनाची तारीख फोनवर विचारूनच.