काचेच्या छताची बस आणि अंधारात गेलेलं मोरे मैदान

माझं माहेरचं आडनाव मोरे. वडील सैन्यात ट्रकचालक होते आणि ऐंशीच्या दशकात दोन उन्हाळे त्यांनी मनाली-लेह रस्त्यावर गाडी चालवली. सुट्टीवर साताऱ्याला आले की सांगायचे, "पोरी, तिकडं वर आपल्या नावाचं मैदान आहे. चाळीस किलोमीटर गाडी सरळ पळते, झाड म्हणून दिसत नाही." लडाखमधलं पांग आणि तागलांग ला ही खिंड ('ला' म्हणजे खिंड) यांच्या मधलं हे मोरे मैदान. साधारण 4,700 मीटर उंचीवर, दोन्ही अंगांना उघडेबोडके डोंगर आणि मधे परातीसारखी सपाट जमीन. वडील गेल्यावर ते एकदा डोळ्यांनी बघायचं मी मनाशी धरलं होतं. गेल्या सप्टेंबरमध्ये मी त्या मैदानावरून गेले, आणि मला ते दिसलं नाही. कसं घडलं ते सगळं लिहिते, कारण येत्या हंगामासाठी तसल्याच जाहिराती पुन्हा फिरायला लागल्या आहेत.

जाहिरात फोनवर आली होती. मनाली ते लेह, काचेच्या छताची पर्यटक बस, दोन दिवसांचा प्रवास, रात्री वाटेतल्या जिस्पा गावी तंबूत मुक्काम, गाडीत ऑक्सिजन सिलिंडर, मोरे मैदानात अर्धा तास थांबा. माणशी 6,500 रुपये. आम्ही तिघं होतो: मी, हे आणि माझी धाकटी बहीण. फोनवरचा मुलगा मराठी बोलायचा, मला काकू म्हणायचा. मी त्याला वडिलांचंही सांगितलं. "मग तर तुम्हाला खिडकीचीच सीट देतो काकू," म्हणाला. सगळी रक्कम आधी भरली तर माणशी पाचशे सूट, म्हणून मी 18,000 रुपये पाठवले. पाठवताना पडद्यावर कंपनीचं नाव न येता भलत्याच कुणा माणसाचं नाव आलं. विचारलं, तर "मालकांचं आहे". एवढ्या उत्तरावर मी बटण दाबलं.

मनालीत सकाळी सहाला बोलावलं होतं. साडेदहापर्यंत आम्ही सामानावर बसून. मग एक टेम्पो ट्रॅव्हलर आली. "मोठी बस अटल बोगद्यातून सोडत नाहीत, ती केलाँगला उभी आहे," असं सांगितलं. हे धडधडीत खोटं. ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू झालेला तो नऊ किलोमीटरचा बोगदा बसना बंद नाही. आमच्या पुढूनच हिमाचलची सरकारी बस आत शिरली. मी त्या मुलाला फोन लावला. त्याने तेव्हा उचलला नाही, पुढेही कधी उचलला नाही.

केलाँगला बस नव्हतीच. एक सात आसनी गाडी उभी होती, पांढऱ्या पाटीची. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, तिला भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत आणि अपघात झाला तर विम्याचीही पंचाईत. ड्रायव्हरने बॅगा टपावर बांधता बांधता सांगितलं, "कोई पूछे तो बोलना रिश्तेदार हैं." त्या वाक्याला आम्ही उतरायला हवं होतं. केलाँग 3,000 मीटरच्या आसपास आहे, हॉटेलं आहेत, दवाखाना आहे, परतीच्या बसेस आहेत. पुढच्या रस्त्यावर यातलं फारसं काही नाही. पण पैसे गेलेत, निदान लेहला तरी पोचू, या विचाराने आम्ही बसून राहिलो.

वाटेत ड्रायव्हरशी बोलल्यावर सगळा व्यवहार कळला. त्या मुलाने आम्हाला मनालीतल्या एका दलालाला विकलं होतं, दलालाने या ड्रायव्हरला. ड्रायव्हरच्या हातात आमच्या तिघांचे मिळून 6,000 पडले होते, त्यातच डिझेल आणि त्यातच मुक्काम. काचेची बस त्याने कधी ऐकलीही नव्हती. जिस्पाचे तंबू त्याला परवडणार नव्हते, सर्चूला त्याच्या ओळखीचा तंबूवाला होता. जिस्पा आलं आणि मागे गेलं.

पैशांपेक्षा मोठी फसवणूक इथे झाली. मनाली 2,050 मीटर, जिस्पा 3,200 आणि सर्चू जवळपास 4,300. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरहून जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. आम्ही सकाळी मनालीत उठलो आणि रात्री सर्चूला आडवे झालो. नऊच्या सुमाराला ह्यांचं डोकं असह्य दुखायला लागलं, मग उलट्या, मग उभं राहिलं की तोल जायला लागला. सिलिंडर मागितला. आला. नळी ह्यांच्या नाकाला लावून मी चावी फिरवली, उलटी फिरवली, पुन्हा फिरवली. आवाज नाही. बहिणीने बॅटरी धरली तेव्हा दिसलं, काट्याचं टोक शून्याच्या खिळ्याला टेकलेलं होतं आणि काचेच्या आत धूळ साचली होती. किती महिन्यांपूर्वी रिकामा झाला होता कोण जाणे.

आणि सर्चूची मेख अशी की तिथून खाली उतरायला आधी वर चढावं लागतं. मागे 4,890 मीटरचा बारालाचा ला, पुढे लाचुंग ला 5,000 च्याही वर. ड्रायव्हरला तसंही मध्यरात्री निघायचंच होतं. पांढरी पाटी घेऊन त्याला तपासणीच्या आत शक्य तेवढा रस्ता कापायचा होता. बाराला निघालो. गाटा लूप्सची एकवीस वळणं मी ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन मोजली. तीनच्या सुमाराला पांगला सैन्याच्या तळावर गाडी थांबवली. जवानांनी एक शब्द न विचारता आत नेलं आणि तासभर ऑक्सिजन दिला. तिथे मला माझे वडील फार आठवले. त्या जवानांचे उपकार कसे फेडू मला कळत नाही.

पांगहून चढ चढला आणि गाडी एकदम सरळ धावायला लागली. वळण नाही, हिसका नाही. मी ओळखलं, हेच ते. काचेला कपाळ लावून बघत राहिले. दिव्यांच्या उजेडात डांबर, बाजूची पांढरी रेघ, त्यापलीकडे काळोख. तागलांग लाच्या चढावर फटफटलं तेव्हा मैदान मागे राहिलं होतं. आजारी माणूस गाडीत, "जरा थांबा" म्हणायची सोय नव्हती.

लेहच्या दवाखान्यात दीड दिवसात हे सावरले. खोलीवर बसून बहिणीने जाहिरातीतला फोटो मोठा करून पाहिला. बसचं दार उजव्या बाजूला आणि स्टिअरिंग डावीकडे! ती बस आपल्या देशातली नव्हतीच. आम्ही तिघांनी तो फोटो आधी दहा वेळा पाहिला असेल.

परत आल्यावर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आम्ही साताऱ्यातच दावा लावला आहे. पैसे पाठवल्याची नोंद आणि सगळे मेसेज जपून ठेवले म्हणून ते जमलं, तुम्हीही पुसू नका. आणि पैसे घेऊन समोरचा सरळ गायबच झाला, तर वाट न बघता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा.

कोणी अशी सहल ठरवत असाल तर पैसे देण्याआधी गाडीचा नंबर मागा आणि मुक्कामाच्या गावाचं नाव लेखी घ्या. "निघायच्या दिवशी कळेल" असं उत्तर आलं, तर गाडी त्यांच्याकडे नाही हे समजून चाला. सर्चूचा मुक्काम सांगितला तर साठीच्या माणसांना घेऊन मुळीच जाऊ नका, मग तंबू कितीही छान असोत. सिलिंडरचा काटा निघण्यापूर्वी मनालीतच बघा, चावी फिरवून आवाज ऐका.

येत्या जुलैत मी आणि बहीण पुन्हा जाणार आहोत. सरकारी बसने केलाँग, तिथे दोन रात्री, मग पुढे पहाटे निघणारी लेहची बस. ह्यांना डॉक्टरांनी मनाई केली आहे. त्यांनी वडिलांचा एक जुना फोटो माझ्या पर्समध्ये ठेवून दिला आहे.