होस्टने दारातूनच परत पाठवलं, तर ‘कॅन्सल’चं बटण तुम्ही दाबू नका

अ‍ॅपवरून काही दिवसांसाठी भाड्याने घेतलेल्या घराच्या दारात तुम्ही उभे आहात. कोड टाकूनही कुलूप उघडत नाही, सामान पायरीवर, बरोबरची माणसं प्रवासाने थकलेली. तेवढ्यात होस्टचा, म्हणजे घर भाड्याने देणाऱ्याचा, मेसेज येतो : ‘सॉरी, पाइप फुटलाय, आज घर देता येणार नाही. तुम्ही तुमच्या बाजूने बुकिंग कॅन्सल करा, पूर्ण पैसे मी लगेच परत करतो.’ यातला पाइप खरोखर फुटलेला असू शकतो. सापळा आहे तो ‘तुमच्या बाजूने कॅन्सल करा’ या शब्दांत.

असं का सांगतात ते समजून घ्या. होस्टने बुकिंग रद्द केलं तर भुर्दंड त्याला बसतो. अशी घरं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या प्लॅटफॉर्मने २०२२ मध्ये हा नियम कडक केला. चेक-इनला ४८ तास किंवा त्याहून कमी उरले असताना होस्टने रद्द केलं तर रकमेच्या ५० टक्के दंड, ४८ तास ते ३० दिवस उरले असतील तर २५ टक्के, त्याहून आधी १० टक्के. शिवाय त्या तारखा कॅलेंडरवर अडवल्या जाऊ शकतात, म्हणजे तेच घर जास्त भावाने दुसऱ्याला देण्याची वाट बंद. पाहुण्याने रद्द केलं की हे सगळं टळतं. घराचं खरंच मोठं नुकसान झालं असेल तर पुरावे दाखवून होस्टला हा दंड माफ करून घेता येतो. मग तुमच्याच हातून बटण दाबून घेण्याचा आग्रह कशाला?

तुम्ही रद्द केलंत की तुम्हाला लागू होतं ते रद्द करण्याचं धोरण, आणि धोरण कडक असेल तर चेक-इनच्या दिवशी परतावा शून्य असू शकतो. शेवटचं बटण दाबण्याआधी पडद्यावर परताव्याची रक्कम दिसते. तिथे शून्य दिसत असेल आणि होस्ट ‘नंतर देतो’ म्हणत असेल, तर पडदा खरं सांगतोय. बटण दाबलं की नोंदीत एक ओळ पडते : पाहुण्याने रद्द केलं. पुढे प्लॅटफॉर्म असो की बँक, सगळीकडे हीच ओळ आधी वाचली जाते.

याच चालीचा धाकटा भाऊ म्हणजे ‘बदलाची विनंती’. होस्ट तारखा पुढे ढकलण्याची किंवा रात्री कमी करण्याची विनंती पाठवतो आणि तुम्ही घाईत ‘स्वीकार’ दाबता. मूळ बुकिंग संपलं, नवं सुरू झालं. आज दारात काय झालं त्याचा नव्या बुकिंगशी संबंध दाखवणं अवघड जातं. दारात उभं असताना काहीच स्वीकारू नका.

प्रवेश नाकारण्याच्या तऱ्हा अनेक. ‘डबल बुकिंग झालं, पण जवळच माझं दुसरं घर आहे’ ही जुनी तऱ्हा. दुसरं घर बहुधा लहान आणि लांब असतं. तिथे सामान ठेवलंत की तुम्ही बदल मान्य केला असं धरलं जातं. दुसरी तऱ्हा, दारात रोख मागणं : डिपॉझिट, सफाई, जादा माणसाचे पैसे. जे शुल्क बुकिंगच्या वेळी जाहिरातीत नव्हतं ते दारात मागणं म्हणजे प्रवेश नाकारणंच. फक्त ते लेखी मागवून घ्या. ‘किती रक्कम, कशाची, ते इथे मेसेजमध्ये लिहा’ एवढं म्हटलं तरी बरेच जण गप्प होतात. तिसरी तऱ्हा सगळ्यात त्रासदायक : काहीच उत्तर नाही, फोन बंद, किल्लीची पेटी रिकामी. ‘नाही’ म्हटल्याचा पुरावाच नसतो, आणि उद्या होस्ट सांगतो की पाहुणा आलाच नाही.

एक तऱ्हा अशीही आहे, जिथे होस्टचं बरोबर असतं. नियमांत चार माणसं लिहिली आहेत आणि तुम्ही सहा आहात, पाळीव प्राणी चालत नाही आणि तुमच्याबरोबर कुत्रा आहे, चेक-इन रात्री दहापर्यंत आहे आणि तुम्ही न कळवता बाराला पोचलात. अशा वेळी परताव्याची बाजू लंगडी पडते. उशीर होणार असेल तर वाटेतूनच मेसेज टाका, तोही प्लॅटफॉर्मच्या चॅटमध्येच.

आता पहिला तास. सगळी केस याच तासात उभी राहते किंवा पडते.

आधी व्हिडिओ. रस्त्याची पाटी किंवा इमारतीचा क्रमांक यापासून सुरू करून न थांबता दारापर्यंत या, पाठवलेला कोड पडद्यावर दाखवा, तोच कोड कुलपावर टाका, लाल दिवा किंवा नकाराचा आवाज येऊ द्या. दोन मिनिटं पुरतात. मधे तोडू नका, नंतर कापू-जोडू नका. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो गेला की त्याच्यातली वेळ आणि ठिकाणाची माहिती गळून पडते. पाठवायचं असेल तर ई-मेलने किंवा क्लाउडवरची मूळ फाइल पाठवा. दार ढकलू नका, खिडकीतून आत डोकावून आतल्या माणसांचं चित्रण करू नका. त्याने उलटा तुमच्यावरच आरोप येतो.

मग मेसेज. फोनवर झालेलं बोलणं नोंदीत नसतं, म्हणून प्रत्येक फोननंतर त्याचा सारांश चॅटमध्ये टाकायचा. शब्द साधे ठेवा : ‘आम्ही ठरलेल्या वेळी, ३ वाजून १० मिनिटांनी दारात पोचलो आहोत. दिलेला कोड चालत नाही. ३ वाजून २० मिनिटांनी फोनवर तुम्ही घर देता येणार नाही असं सांगितलंत. आम्ही बुकिंग रद्द केलेलं नाही. राहायला आजही तयार आहोत. अर्ध्या तासात प्रवेश मिळाला नाही तर तो नाकारला असं धरून प्लॅटफॉर्मला कळवू.’ यात ‘रद्द केलेलं नाही’ आणि ‘तयार आहोत’ ही दोन वाक्यं सोन्याच्या मोलाची आहेत. राग, उपहास, धमकी यातलं काही नको. ‘पैसे दे, नाहीतर वाईट रिव्ह्यू टाकतो’ असं तर चुकूनही लिहू नका. रिव्ह्यूचा सौदा करणं नियमभंगात मोडतं आणि भक्कम केस त्याने बिघडते. रिव्ह्यू नंतर निवांत लिहा. एअरबीएनबीवर त्यासाठी १४ दिवस असतात.

त्याच तासात अ‍ॅपच्या आतून प्लॅटफॉर्मला कळवा आणि केस क्रमांक घ्या. एअरबीएनबीवर अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. पण तेवढं थांबण्यात शहाणपण नाही, कारण होस्टला पैसे साधारणपणे ठरलेल्या चेक-इननंतर २४ तासांनी सोडले जातात. पैसे प्लॅटफॉर्मच्या हातात असताना मिळवणं आणि होस्टच्या खात्यातून परत खेचणं यात फार फरक आहे. गुपचूप हॉटेलात जाऊन आठवड्याने तक्रार करणाऱ्याचं बहुधा कोणी ऐकत नाही.

ग्राहक सेवेतला माणूस फोनवर गोड बोलतो. ‘पूर्ण परतावा होईल’ असं तो म्हणाला की लगेच सांगा, ‘हेच मला चॅटमध्ये लिहून द्या, रक्कम आणि मूळ कार्डावरच, असं.’ कूपन किंवा पुढच्या बुकिंगची सूट देऊ केली तर स्वीकारण्याआधी विचारा की याने तक्रार बंद होते का. त्या रात्रीसाठी दुसरी जागा घ्यायची असेल तर फरकाची रक्कम मिळेल का हे आधी लेखी विचारा, जागा त्याच दर्जाची घ्या आणि बिल ठेवा. समुद्रासमोरचा सूट घेऊन फरक मागितला तर नकार ठरलेला.

दारात अडकण्याआधी, म्हणजे बुकिंगच्या दिवशीच, एक काम करून ठेवायला हवं : जाहिरातीचं पान फोटो, नियम आणि धोरणासकट पीडीएफ करून ठेवणं. भांडण सुरू झालं की जाहिरात गायब होऊ शकते किंवा नियमांत गुपचूप भर पडू शकते.

पैसे नेमके कोणाकडे आहेत हेही बघा. कार्डाच्या स्टेटमेंटवर प्लॅटफॉर्मचं नाव आहे की त्या घराचं? बुकिंग डॉट कॉमवर काही बुकिंगचे पैसे प्लॅटफॉर्म घेतो, काहींचे जागेवाला स्वतः कापतो. दुसऱ्या प्रकारात प्लॅटफॉर्म मध्यस्थी करेल, पण परतावा जागेवाल्याने सोडायचा असतो. तिथे जागेवाला तुम्हाला ‘आलेच नाहीत’ असंही दाखवू शकतो. दारातला व्हिडिओ तेव्हा कामाला येतो.

प्लॅटफॉर्मने हात वर केले तर कार्डाचा चार्जबॅक, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत परत मागणं. इथे लोक एक चूक हमखास करतात : घाईत ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ हा पर्याय निवडतात. व्यवहार तुम्हीच केलेला असतो, त्यामुळे दावा तिथेच पडतो. योग्य कारण ‘सेवा मिळाली नाही’. व्हिसा कार्डाच्या कारणांच्या यादीत त्याचा क्रमांक १३.१, मास्टरकार्डमध्ये ४८५३ या गटात ते येतं. मुदत साधारण १२० दिवस, आणि पुढच्या तारखेच्या सेवेसाठी ती सेवा मिळायला हवी होती त्या दिवसापासून मोजतात. तरी आपल्या बँकेची तारीख विचारून घ्या, काही बँका कमी वेळ देतात. आधी विक्रेत्याकडे मागणी केल्याचा पुरावा लागतो, म्हणून प्लॅटफॉर्मचा नकार लेखी हवा. दोन्हीकडे एकाच वेळी दावा लावला की प्लॅटफॉर्म आपली केस थांबवू शकतो. पहिला निकाल येऊ द्या, पण त्या वाट पाहण्यात मुदत घालवू नका.

बँकेला कादंबरी पाठवू नका. एक पान : बुकिंग क्रमांक, ठरलेली वेळ, पोचल्याची वेळ, नकाराचा मेसेज, केस क्रमांक, लेखी नकार, मागितलेली रक्कम. जोडपत्रांना १, २, ३ असे क्रमांक द्या आणि मजकुरात तेच क्रमांक लिहा. समोरची बाजू उत्तरात बहुधा अटींचं पान आणि नोंदी पाठवते. नोंदीत ‘पाहुण्याने रद्द केलं’ नसेल तर त्यांच्याकडे फारसं काही उरत नाही.

बुकिंगच प्लॅटफॉर्मबाहेर झालं असेल, म्हणजे ‘व्हॉट्सअ‍ॅपवर या, दहा टक्के सूट देतो’ म्हणून थेट बँकेत पैसे पाठवले असतील, तर वरचं जवळपास काहीच लागू होत नाही. बँक ट्रान्सफरला चार्जबॅक नसतो. त्याच तासात बँकेला फोन आणि पोलिसांत तक्रार, एवढंच हातात राहतं.

याच सुमाराला दुसरी फसवणूक दार ठोठावते. चिडलेला माणूस इंटरनेटवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो, वर दिसतो तो खोटा असू शकतो. ‘रिफंडसाठी ओटीपी सांगा’, ‘हे अ‍ॅप टाकून स्क्रीन दाखवा’, ‘आधी प्रोसेसिंग फी भरा’. परतावा घ्यायला ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही आणि फी तर नाहीच. नंबर फक्त अ‍ॅपच्या आतला घ्या.

परतावा ‘सोडला’ असं कळलं आणि दहा-बारा दिवसांत कार्डावर दिसला नाही, तर प्लॅटफॉर्मकडे त्या परताव्याचा एआरएन, म्हणजे कार्डाच्या व्यवहाराचा माग काढण्याचा क्रमांक, मागा. हा २३ अंकी क्रमांक बँकेला दिला की रक्कम कुठे अडकली ते शोधता येतं. आणि रक्कम आली की बेरीज तपासा : भाडं, सफाईचं शुल्क, प्लॅटफॉर्मचं सेवा शुल्क, कर. जिथे पाऊलच ठेवलं नाही तिथल्या सफाईचे पैसे कापलेले असतील तर तीच केस पुन्हा उघडायला लावा. परक्या चलनात बुकिंग असेल तर विनिमय दराने थोडा फरक पडेल, तो वेगळा धरा.