रब्बी ज्वारीचा ताण : पट्ट्यावरची कुंडी की दोन मीटरची नळी?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला लागलेली मुलं हल्ली एकच विचारतात : पाण्याच्या ताणाचा प्रयोग, म्हणजे पाणी तोडून झाड कसं टिकतं ते पाहणं, कुठे लावू? ज्याचं त्याचं पीक वेगळं, त्यामुळे ठाम उत्तर देणं बरं नाही. अशा प्रयोगाच्या सोयी दोन प्रकारच्या. मी दोन्हीकडे एकेक हंगाम घालवला, तोही रब्बी ज्वारीवर. तेवढ्यापुरतं सांगतो.

एका प्रकारात झाड कॅमेऱ्याकडे जातं. कुंड्या पट्ट्यावरून सरकत एकेका कॅमेऱ्यापुढे येतात, काट्यावर वजन होतं, ठरवलेलं पाणी मिळतं. दिल्लीला पूसाच्या (भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या) आवारात 2017 पासून अशी झाडं मोजणारं नानाजी देशमुख केंद्र आहे, आणि आपल्याकडे बारामतीजवळ माळेगावची अजैविक ताण (दुष्काळ, उष्णता, क्षार यांचा ताण) संस्था आहे. दुसऱ्या प्रकारात झाड जागेवर राहतं. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत लेझर स्कॅनर झाडांच्या डोक्यावरून फिरतो आणि पानांचं क्षेत्रफळ मोजतो. तिथलीच दुसरी सोय म्हणजे लायसिमीटर, म्हणजे मातीने भरलेल्या पीव्हीसीच्या उभ्या नळ्या. ज्वारी-बाजरीसाठी त्या दोन मीटर खोल आणि पंचवीस सेंटीमीटर रुंद असतात.

फोटो, आकडे, सोय यांत पट्टा सरस आहे, यात वाद नको. रोज त्याच झाडाचा फोटो मिळतो, पानाचं तापमान मिळतं, हंगामाची वाट पाहावी लागत नाही. क्षारांचा किंवा उष्णतेचा ताण असेल, झाड रोप अवस्थेतलं असेल, तर मीही तिकडेच जाईन.

माझं घोडं अडलं ते कुंडीत. कुठली सोय होती ते सांगत नाही, माणसं मदत करणारी होती. मी हौसेने काळी माती भरली. पहिलं पाणी तोडल्यावर माती आकसली आणि कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटली. मग यंत्र वजन बघून पाणी ओतायचं आणि ते त्या फटीतून सरळ तळाच्या भोकातून बाहेर जायचं. दुसऱ्या दिवशी वजन पुन्हा कमी, यंत्राचं पुन्हा तेवढंच पाणी. मुळं कोरडी आणि नोंदवहीत पाणी दिल्याची नोंद. शेवटी कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याच्या भुश्याचं) मिश्रण वापरा असं सुचवण्यात आलं. वापरलं. फट गेली, पण पाणी तोडल्यापासून पाचव्या दिवशी झाडांनी माना टाकल्या.

सोलापूरकडची ज्वारी अशी मरत नाही. परतीच्या पावसाची ओल काळ्या मातीत मुरलेली असते, त्यावरच पीक फुलोऱ्यातून हुरड्यापर्यंत येतं. ताण हळूहळू चढतो, मुळं खाली खाली जातात. मोहोळला निवडलेलं मालदांडी हे वाण त्यावरच टिकून आहे. पाच दिवसांत संपणाऱ्या कुंडीत मी तपासत होतो ते नेमकं काय, हा प्रश्न मला झोपू देईना.

नळीतही काळी माती फाटते, हे खरं. पण तिथे एकदा पोटभर पाणी देऊन तोडलं की पुढे ओतायचंच नसतं, फक्त वजन घ्यायचं. वर प्लॅस्टिकच्या मण्यांचा थर असल्याने मातीतून उडणारं पाणी जवळपास थांबतं, म्हणजे घटलेलं वजन झाडानेच प्यायलेलं. दाणे भरताना कोणत्या वाणाने किती पाणी राखून ठेवलं होतं, ते आठवड्या-आठवड्याने कळतं. माझ्या दोन वाणांचा कुंडीत काहीच फरक दिसला नव्हता, नळीत तो फुलोऱ्यानंतर उघड झाला. दोनच वाण, एकच हंगाम. यावर फार मोठा दावा मी करणार नाही.

त्रास तिथेही आहे. शंभर किलोच्या वरची नळी चेनपुलीने उचलून वजनकाट्याला टांगायची, आणि अशा कितीतरी. पाठ बोलते. फोटोंची रेलचेल नाही, त्यामुळे मार्गदर्शकांना दाखवायला रंगीत काही मिळत नाही (माझ्या मार्गदर्शकांनी हे दोनदा बोलून दाखवलं). आणि उघड्यावरचं काम असल्याने रब्बीच्या पेरणीची वेळ चुकली की पुढच्या वर्षावर गेलं.

तुमचं पीक उथळ मुळांचं असेल तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू होणार नाही. ज्वारी, हरभरा, तूर असेल तर अर्ज करण्याआधी फोनवर कुंडीची खोली आणि माती कोणती चालते एवढं विचारून घ्या. कॅमेऱ्यांची यादी ते स्वतःहून पाठवतात.