इंदूरमध्ये निषेध करायचाय: मोर्चा की धरणे?

विषय तापलेला असेल तर धरणेच धरा. मोर्चा जास्त लोकांना दिसतो, हे खरे. पण राजवाड्याजवळ सराफा, खजुरी बाजाराच्या दाटीत पुढचे थांबतात, मागचे रेटतात आणि मधे घुसलेला दगड फेकणारा ओळखू येत नाही. मग भारतीय न्याय संहितेचे कलम 190 आडवे येते: बेकायदा जमावाच्या समान उद्देशासाठी एकाने गुन्हा केला, तरी जमावातले इतरही दोषी धरले जातात. मोर्चाच काढायचा असेल तर दोन्ही कडांना दोर धरणारे स्वयंसेवक ठेवा आणि शेवट मोकळ्या मैदानात करा.

धरण्यात माइक एकच, वक्त्यांची यादी आधी ठरलेली. चिथावणी तिथेच थांबवता येते, आणि आमच्या मते हाच मोठा फायदा. ‘कायदा रद्द करा’ हे मत आहे. ‘त्यांची दुकाने जाळा’ ही चिथावणी. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये श्रेया सिंघल खटल्यात हाच फरक मांडला.

मात्र रस्ता अडवून बसू नका. सार्वजनिक रस्ता बेमुदत व्यापता येत नाही, असे दिल्लीतल्या शाहीनबाग धरण्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल सांगतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 चा मनाई आदेश (जमावबंदी) लागू आहे का, हे पाहा आणि परवानगी लेखीच घ्या.