नऊ दिवस सुनकोशीवर, नऊ महिने घरी: माझ्या दोन ड्राय बॅगा

गेल्या नोव्हेंबरात आम्ही पाच मित्र नेपाळमध्ये सुनकोशीवर राफ्टिंगला गेलो होतो. त्यासाठी मी दोन ड्राय बॅगा, म्हणजे पाण्यातही आतलं सामान कोरडं ठेवणाऱ्या बॅगा, घेतल्या, एक 40 लिटरची आणि एक 10 लिटरची. दोन्ही एकाच कंपनीच्या, पीव्हीसीचा थर दिलेल्या जाड कापडाच्या आणि तोंड गुंडाळून बंद करायच्या. आता ऑगस्ट चालू आहे. मधल्या काळात त्या कोलाडला गेल्या, मालवणला गेल्या आणि जूनपासून रोज माझ्या स्कूटरवर असतात. विकत घेतल्यावर आठवड्याभरात लिहिलं असतं तर फक्त कौतुकच लिहिलं असतं, म्हणून मुद्दाम थांबलो होतो.

आधी नदीबद्दल, कारण तिथे काय सोसावं लागतं ते कळल्याशिवाय बॅगेबद्दल बोलण्यात अर्थ नाही. काठमांडूहून अरनिको महामार्गाने दोलालघाटला जायचं. तिथे इंद्रावती सुनकोशीला मिळते आणि तिथेच राफ्ट पाण्यात उतरतात. शेवट चतराला, तराईच्या म्हणजे नेपाळच्या सपाट प्रदेशाच्या तोंडाशी. अंतर सुमारे 270 किलोमीटर. वाटेत तामाकोशी येते, लिखू येते, मग एव्हरेस्टच्या बाजूने दूधकोशी येते आणि नदीचा नूरच पालटतो. शेवटी त्रिवेणीला अरुण आणि तमोर मिळाल्या की ती सप्तकोशी होते. नऊ दिवस रात्रीचा मुक्काम नदीकाठच्या पांढऱ्या वाळूवर. तिथे दुकान नाही, वीज नाही आणि मधल्या काही टप्प्यांत काठावर गाडीरस्ताही नाही. एखादी वस्तू भिजली तर ती उन्हात वाळवायची, एवढाच उपाय.

राफ्टिंगवाले सामानासाठी मोठ्या बॅगा देतात, दोघांत एक. पण ती सकाळी सामानाच्या राफ्टवर बांधली की संध्याकाळी तंबू ठोकेपर्यंत हाती लागत नाही. दिवसभर जवळ हवं ते ठेवायला आपली स्वतःची लहान बॅग लागतेच. आमच्या बाबतीत ते सामान म्हणजे एका मित्राचं इन्सुलिन होतं. त्याला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. शाळेपासूनचा मित्र. "तू येणार असशील तरच आम्ही जातो," असं आम्हीच त्याला म्हटलं होतं, त्यामुळे ती 10 लिटरची बॅग माझ्यासाठी कॅमेऱ्याची किंवा खाऊची बॅग नव्हती.

पहिली चूक माझीच, रंगाची. मी काळी बॅग घेतली, मळ दिसू नये म्हणून. नोव्हेंबरातही त्या दरीत दुपारचं ऊन कडक असतं. पहिल्या दिवशी जेवायला काठाला लागलो, बॅगेला हात लावला तर तव्यासारखी तापलेली. वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन 30 अंशांच्या आत राहिलं तर साधारण चार आठवडे टिकतं, त्यावर गेलं तर भरवसा नाही. त्या दिवसापासून आम्ही तिला ओला पंचा गुंडाळायला लागलो, माठाला गुंडाळतात तसा, आणि राफ्टच्या तळाशी सावलीत बांधायला लागलो. नदीचं पाणी थंडगार असल्याने पंचा सतत गार राहायचा. उपाय लागू पडला, पण तुम्ही मात्र पांढरी किंवा पिवळी बॅग घ्या.

बॅग बंद कशी करायची, ते आमच्या गाइड दाइंनी (नेपाळीत दाइ म्हणजे दादा) दुसऱ्या सकाळी शिकवलं आणि माझ्या मते या सगळ्या लिखाणात तेच सर्वांत कामाचं आहे. आधी तोंडाच्या दोन्ही पट्ट्यांवरून आतून अंगठा फिरवायचा. वाळूचा एक कण राहिला तरी तिथून पाणी वाट काढतं. मग गुडघ्याने दाबून हवा काढायची, पण सगळी नाही. थोडी आत राहिली तर बॅग तरंगते. पट्ट्या जुळवून घट्ट गुंडाळायचं, वळकटी बांधतात तसं, कमीत कमी तीन वेढे. मी तीन घातले की दाइ म्हणायचे, "अझै एक पटक," म्हणजे अजून एकदा. चौथा वेढा पडल्यावरच क्लिप लावायची. चार वेढे बसायचे तर बॅग गच्च भरून चालत नाही. म्हणजे 40 लिटरच्या बॅगेत सामान 30 लिटरचंच धरा.

हरकापूरच्या रॅपिडमध्ये, म्हणजे वेगाने उसळणाऱ्या पाण्याच्या टप्प्यात, आमची राफ्ट उलटली. मी पाण्याखाली किती वेळ होतो सांगता येणार नाही. वर आलो तेव्हा शिकवल्याप्रमाणे पाठीवर झालो, पाय प्रवाहाच्या दिशेने केले आणि पहिली नजर त्या मित्राला शोधत गेली. तो सेफ्टी कयाकला, म्हणजे मदतीसाठी सोबत असलेल्या छोट्या होडीला, धरून होता. दोन्ही बॅगा उलट्या राफ्टला बांधलेल्या, पूर्ण पाण्यात. राफ्ट सरळ करून काठाला लागेपर्यंत दहा-बारा मिनिटं तरी गेली असतील. वाळूवर बसून मी क्लिप काढली, एकेक वेढा उलगडला. वरच्या दोन वेढ्यांत पाणी होतं, तिसऱ्यात नुसता ओलावा, आणि आत पेनाभोवती गुंडाळलेला सुती रुमाल कोरडा ठणठणीत. मित्राने रुमाल गालाला लावून पाहिला. आम्ही दोघं काहीच बोललो नाही.

त्याच दिवशी दुसऱ्या मित्राची बॅग उघडली तर स्लीपिंग बॅग पिळून काढावी लागली. बॅग दर्जाने माझ्यासारखीच, पण सकाळी घाईत त्याने दीडच वेढा घातला होता. फरक तेवढाच.

आता घरच्या नऊ महिन्यांबद्दल. कोलाडला कुंडलिकेवर दोनदा नेल्या. तिथे वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर सकाळच्या वेळात राफ्टिंग चालतं, काही तासांचंच. त्यात बॅगेचा कस लागत नाही. मालवणच्या खाऱ्या पाण्याने मात्र त्रास दिला. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं राहून गेलं आणि क्लिपच्या सांध्यात मीठ-वाळू धरली. मे महिन्यात मोठ्या बॅगेच्या क्लिपचा एक दात मोडला. कंपनीला दोन मेल केले, फोटो पाठवले. उत्तर आलं नाही. याचा मला मनापासून राग आहे, कारण क्लिपविना अख्खी बॅग निरुपयोगी होते. शेवटी बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांनी त्याच मापाची क्लिप बसवून दिली.

जूनमध्ये लॅपटॉप भिजता भिजता वाचला. बॅगेच्या तळाच्या कोपऱ्यात, स्कूटरच्या फूटबोर्डावर जिथे ती घासते तिथे, बारीक भोक पडलं होतं. डोळ्यांना दिसत नव्हतं. हवा भरून, तोंड गुंडाळून बादलीत दाबली तेव्हा बुडबुडे आले, सायकलच्या ट्यूबला येतात तसे. पंक्चरचं सोल्यूशन आणि रबराचा तुकडा लावून पाहिला, चार दिवसांत सुटला. मग पीव्हीसीला चालणारा डिंक आणून, जागा नीट पुसून, जुन्या ताडपत्रीचा गोल तुकडा आतून-बाहेरून चिकटवला आणि रात्रभर वजनाखाली ठेवला. दोन महिने झाले, टिकून आहे. आता दर महिन्याला बादलीची परीक्षा घेतो.

बाकी शिवणी, म्हणजे खरं तर उष्णतेने जोडलेल्या कडा, कुठेही उकललेल्या नाहीत. खांद्याचे पट्टे टोचतात. मोठी बॅग पाठीवर घेऊन तासभर चालायचं असेल तर ही नको. ओलं सामान ठेवून बंद केली तर कुबट वास धरते, तो जाता जात नाही. मी ती उलटी करून गॅलरीत सावलीत टांगतो. आणि कॅमेऱ्यासारखी वस्तू आत ठेवणार असाल तर ती अजून एका पिशवीत घालाच. गुंडाळायच्या तोंडाची बॅग उसळतं पाणी आणि थोडा वेळ बुडणं सहन करते, खोल पाण्यात तासन्‌तास राहण्यासाठी ती नसते.

40 लिटरची पुन्हा घेईन का? नाही. तिच्याऐवजी 20-20 च्या दोन घेईन, म्हणजे कोरडं-ओलं वेगळं राहील आणि एक फाटली तरी सगळं सामान जाणार नाही. 10 लिटरची मात्र डोळे मिटून पुन्हा घेईन. आमच्या मित्राने परवाच घेतली, पांढरी. फोनवर म्हणाला, आतल्या पट्टीवर मार्करने "चार वेढे" लिहून ठेवलंय.